अनुदानाचं इंटरनेट गावात आलं. छोट्या नेटवाल्याने कुठे, कसा अर्ज करायचा?

सरकारी पैशातून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोहोचली की केबलवाल्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, आपलं गिऱ्हाईक आता तिकडे जाणार का? काही जाणारच. पण याच योजनांमध्ये छोट्या व्यावसायिकाला शिरायला वाटाही आहेत. प्रत्येकीची पात्रता वेगळी, कागदपत्रं वेगळी आणि जोखीमही वेगळी. हे न पाहता दारात आलेल्या एजंटाच्या फॉर्मवर सही करून मोकळे होणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातून (ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नातून) 5 टक्के रक्कम एका निधीत जाते. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, आता नाव ‘डिजिटल भारत निधी’. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारा सरकारी प्रकल्प, भारतनेट, याच निधीवर उभा आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे युनिफाइड परवाना घेऊन एका जिल्ह्यापुरती सेवा देणारा छोटा आयएसपीही (इंटरनेट पुरवणारी कंपनी) निधीत भर घालतो आणि त्याच निधीतली स्वस्त लाईन त्याच्याच गल्लीत येते. त्याची तक्रार मला तरी रास्त वाटते. पण तक्रार केली म्हणून अर्ज करायचं थांबवू नये.

पीएम-वाणी: सरकारकडे अर्जच नाही

9 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली ही सार्वजनिक वाय-फायची योजना. सगळ्यात खालच्या पायरीवर पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे पीडीओ: दुकानात किंवा टपरीवर हॉटस्पॉट लावून डेटा विकणारा. त्याला परवाना लागत नाही, दूरसंचार विभागाकडे नोंदणी लागत नाही, सरकारी शुल्कही नाही. त्यामुळे ‘वाणीची नोंदणी करून देतो, इतके भरा’ किंवा ‘तुमच्या जागेवर वाय-फाय पॅनल लावतो, महिन्याला भाडं मिळेल, आधी प्रोसेसिंग फी पाठवा’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच बोलणं संपवा. अशी बनावट पत्रं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकनेही उघडी पाडली आहेत.

पीडीओला जावं लागतं ते अ‍ॅग्रीगेटरकडे, म्हणजे अनेक पीडीओंना एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीकडे, पीडीओएकडे. नोंदणी झालेल्या पीडीओएंची यादी सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सांभाळत असलेल्या मध्यवर्ती रजिस्ट्रीत, पीएम-वाणीच्या संकेतस्थळावर मिळते. यादीत नाव नसलेल्या कंपनीशी करार करू नका. कागदपत्रांची सरकारी यादी अशी नाही, कारण हा दोन व्यावसायिकांमधला करार आहे. पॅन, आधार, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान आणि जागेचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार) एवढं हाताशी ठेवा. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला 20 लाखांची आहे. मात्र ती एकूण उलाढालीवर मोजतात. केबलचं आणि मोबाईल दुकानाचं उत्पन्न एकाच पॅनवर असेल तर तेही त्यात धरा.

काम चालतं ते असं. गिऱ्हाईक वाणीचं अ‍ॅप उघडतं, मोबाईल नंबर ओटीपीने पडताळतं, जवळच्या हॉटस्पॉटच्या यादीतून तुमचं नाव निवडतं आणि डेटाचं पॅक घेतं. ओळख पटवणं, हिशेब आणि वापराच्या नोंदी ठेवणं ही पीडीओएची जबाबदारी. तुमच्याकडे उरतं वाणीला चालणारं अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारं यंत्र), वीज आणि मागची ब्रॉडबँड लाईन.

घोडं पेंड खातं ते या मागच्या लाईनवर. घरगुती प्लॅन घेऊन तो पुन्हा विकता येत नाही, आणि पीडीओ म्हटलं की कंपन्या महागडी लीज्ड लाईन (एकाच गिऱ्हाईकासाठी राखलेली लाईन) पुढे करायच्या. दुकानातून विकल्या जाणाऱ्या छोट्या पॅकमधून तो खर्च निघणं अशक्यच. राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने 2022 पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट धरले होते. प्रत्यक्षात गाडी फार मागे राहिली, त्यामागे हे मोठं कारण. जून 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दर आदेशात दुरुस्ती केली: 200 एमबीपीएसपर्यंतचे सगळे किरकोळ फायबर प्लॅन पीडीओलाही द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. समजा घरगुती प्लॅन 700 रुपयांचा, तर तुम्हाला जास्तीत जास्त 1,400. आयएसपीच्या कार्यालयात ‘असा प्लॅन नाही’ असं उत्तर मिळालं, तर विनंती लेखी द्या, ईमेलने द्या आणि त्यात या आदेशाचा उल्लेख करा.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. पीडीओ म्हणून हॉटस्पॉट चालवता येतो, घरोघर वायर ओढून कनेक्शन देता येत नाही. ते करायचं तर आयएसपीची फ्रँचायझी किंवा स्वतःचा परवाना लागतो.

ज्यांच्याकडे आधीच वीस-तीस केबलवाल्यांचं जाळं आहे, त्यांनी स्वतः पीडीओए होण्याचा विचार करावा. त्यासाठी कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी हवी; एकट्याच्या नावावरची फर्म चालत नाही. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा, नोंदणी शुल्क नाही. कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, संचालकांची माहिती आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव तयार ठेवा. अर्जानंतर सात दिवसांत नोंदणी व्हावी असं योजनेत ठरलेलं आहे.

भारतनेट उद्यमी: सही करण्याआधी वाटा बघा

भारतनेटची लाईन पंचायतीपासून घरापर्यंत नेण्यासाठी स्थानिक माणूस लागतो. तो म्हणजे उद्यमी. केबलवाले, सीएससी (सरकारी सेवा देणारं गावातलं केंद्र) चालवणारे, वायरिंगचं काम जाणणारे तरुण यांना इथे वाव आहे. प्रकल्प राबवण्याची जबाबदारी बीएसएनएलवर आहे, त्यामुळे चौकशीची जागा जिल्ह्याचं बीएसएनएल कार्यालय. ओळखपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खातं आणि केबलवाले असाल तर केबल ऑपरेटर म्हणून केलेली नोंदणी सोबत न्या. ती नोंदणी 17 जानेवारी 2025 पासून पोस्टात होत नाही, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाईन होते. मुदत संपलेली असेल तर ते काम आधी उरका.

योजना मंजूर होताना उद्यमीचा महसुलातला वाटा निम्मा धरला होता. 400 रुपयांच्या प्लॅनवर 200. शंभर कनेक्शन झाली की महिन्याला 20,000. यातून लाईनमनचा पगार, पेट्रोल आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडलेल्या फायबरचं स्प्लायसिंग (पुन्हा जोडणी) भागवायचं. म्हणून करारात तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. ड्रॉप वायर (घरात येणारी शेवटची तार) आणि ओएनटी (घरातलं फायबरचं मोडेम) बिघडलं तर बदलण्याचा खर्च कुणाचा? वरची मुख्य लाईन बंद पडल्याने गिऱ्हाईकाने रिचार्ज केलं नाही, तर तुमच्या वाट्याचं काय? आणि याच गावात दुसऱ्या आयएसपीची फ्रँचायझी चालू ठेवता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर जुनी कनेक्शन सोडण्याआधी दोन्हीकडचा हिशेब कागदावर मांडा.

परवाना आहे त्यांच्यासाठी

आयएसपी परवान्याचे ए, बी आणि सी असे वर्ग असतात; ‘सी’ साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता. नवा घ्यायचा असेल तर कंपनी, प्रवेश शुल्क आणि बँक गॅरंटी हे आलंच. 2023 च्या दूरसंचार कायद्याने परवान्याऐवजी प्राधिकारपत्राची पद्धत आणली आहे, त्यामुळे जुन्या व्हॉट्सअ‍ॅप पीडीएफवर विसंबू नका. अर्जाचा नमुना आणि शुल्क त्या-त्या दिवशी दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच पाहा.

परवाना हातात असलेल्यांना भारतनेट गिऱ्हाईक पळवतं, तसा मालही पुरवतं. त्यातली बँडविड्थ आणि वापरात नसलेली फायबर, म्हणजे डार्क फायबर, खासगी सेवा देणाऱ्यांनाही भाड्याने घेता येते. स्वतः पंधरा किलोमीटर खोदकाम करण्यापेक्षा हे स्वस्त पडू शकतं. पण मागणी नोंदवण्याआधी त्या पंचायतीतली लाईन खरोखर चालू आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. पंचायतीच्या कपाटातली पेटी बंद आणि बॅटरी उतरलेली, हे दृश्य दुर्मीळ नाही. पेटी बंद दिसली तर फोटो काढा, तारीख टाका आणि अर्जाला जोडा.