इथरनेट स्विचमधील व्हीलॅन टॅग व अग्रक्रम

स्विचमधून जाणारी फ्रेम (माहितीचा एक तुकडा) कोणत्या गटातली, म्हणजे व्हीलॅनमधली (आभासी लॅनमधली), आहे आणि गर्दी झाली तर तिला आधी सोडायचे की थांबवायचे, हे ठरवणारी स्विच-चिपमधील व्यवस्था. दोन्हींची माहिती एकाच चार बाइटच्या टॅगमध्ये असते. आयईईई ८०२.१क्यू हे त्याचे मानक असून त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची आहे. अग्रक्रमाचा भाग आधी ८०२.१पी या नावाने आकाराला आला. स्विचच्या मेनूत आणि नेटवर्कवाल्यांच्या तोंडी ते नाव अजून आहे.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यात कॅमेरे, पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक), हजेरीचे यंत्र, हिशेबाचा सर्व्हर आणि ऑफिसचे वाय-फाय एकाच रॅकला येऊन मिळतात, यात नवल नाही. व्हीलॅन नसेल तर प्रत्येकाचा ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेली फ्रेम) सगळ्यांना ऐकावा लागतो, आणि ऑफिसातल्या लॅपटॉपला पीएलसीपर्यंत पोचायला कोणतीच आडकाठी राहत नाही. व्हीलॅनमुळे एकच स्विच अनेक वेगळ्या स्विचसारखा वागतो.

फ्रेममध्ये टॅग हा पाठवणाऱ्या उपकरणाच्या मॅक पत्त्यानंतर (हार्डवेअर पत्त्यानंतर) बसतो. समजा कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये त्या जागी षोडशमान पद्धतीतले ८१ ०० ८० १४ हे बाइट दिसले. पहिले दोन टॅगची ओळख सांगतात. उरलेल्या सोळा बिटांपैकी पहिले तीन १००, म्हणजे अग्रक्रम ४. ही पातळी मानकाच्या सूचक तक्त्यात व्हिडिओसाठी आहे. पुढचा एक बिट गर्दीत ही फ्रेम आधी टाकून दिली तर चालेल का, हे सांगतो. शेवटचे बारा बिट व्हीलॅन क्रमांकाचे. इथे तो दशमानात २०. बारा बिटांत ४०९६ आकडे मावतात, पण ० आणि ४०९५ राखीव असल्याने हाती ४०९४ उरतात. क्रमांक ० म्हणजे ‘गट नाही, फक्त अग्रक्रम बघा’. प्रोफिनेट या यंत्रनियंत्रणाच्या इथरनेट पद्धतीच्या रिअल-टाइम फ्रेम अशाच येतात, अग्रक्रम ६ घेऊन.

टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट झाली. फार जुनी उपकरणे अशी फ्रेम ‘मोठी’ म्हणून फेकून देतात आणि तक्रार मात्र ‘पिंग जातो, फाइल जात नाही’ अशी येते, कारण पिंगची चाचणी-फ्रेम छोटी असते.

चिपमध्ये फ्रेम शिरताच टॅग पाहिला जातो. टॅग नसेल तर पोर्टला नेमून दिलेला व्हीलॅन तिला लागू होतो. असेल तर ते पोर्ट त्या व्हीलॅनचे सभासद आहे का, हे तक्त्यात तपासले जाते. मग मॅक पत्ता शोधून बाहेरचे पोर्ट ठरते. ते अ‍ॅक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचे) असेल तर टॅग काढला जातो, ट्रंक (अनेक व्हीलॅनच्या फ्रेम नेणारे) असेल तर सहसा ठेवला जातो. टॅग घातला वा काढला की फ्रेमच्या शेवटची तपासणी-बेरीज नव्याने मांडावी लागते. हे सारे सर्किटच करते, प्रोसेसरला विचारत नाही. म्हणून वेग घसरत नाही.

अग्रक्रमाच्या पातळ्या आठ, पण स्वस्त चिपमध्ये प्रत्येक पोर्टला अनेकदा चारच रांगा असतात. त्यामुळे दोन-दोन पातळ्या एकाच रांगेत बसतात, आणि मेनूत ५ ऐवजी ४ निवडून काहीच फरक पडला नाही, असे होऊ शकते. मानकातला आणखी एक चकवा म्हणजे पातळी १ ही ० च्याही खाली आहे.

रांगा रिकाम्या करण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे काटेकोर अग्रक्रम. सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडावर वैष्णव आखाड्यांचा क्रम ठरलेला असतो आणि त्यांचे स्नान आटोपेपर्यंत सामान्य भाविक थांबतो, तसेच हे. फरक इतकाच की आखाडे मोजके असतात; कॅमेऱ्यांच्या फ्रेम संपतच नाहीत. वरच्या रांगेत व्हिडिओ टाकला तर खालचा हिशेबाचा सर्व्हर उपाशी राहू शकतो. त्यावर उतारा म्हणजे भारित फेरी: प्रत्येक रांगेला तिच्या वजनानुसार पाळी. आवाज आणि यंत्रनियंत्रण यांना काटेकोर रांग, बाकीच्यांना भारित फेरी, ही सांगड व्यवहारात बरी.

अग्रक्रमाने तारेची क्षमता वाढत नाही. पोर्ट रिकामे असेल तर त्याचा काही उपयोगही नाही. शिवाय तारेवर निघालेली फ्रेम नेहमीच्या स्विचमध्ये मध्येच थांबवता येत नाही: १०० मेगाबिटच्या दुव्यावर पूर्ण लांबीच्या फ्रेमला सुमारे १२३ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ सर्वोच्च अग्रक्रमालाही थांबावे लागते. यंत्रांच्या अचूक हालचालींच्या नियंत्रणाला हे परवडत नाही, म्हणून पुढे वेळापत्रकाने दारे उघडणारे ८०२.१क्यूबीव्ही आणि फ्रेम मध्येच थांबवू देणारे ८०२.१क्यूबीयू आले.

टॅग ही शेवटी पाठवणाऱ्याने केलेली मागणी आहे. कोणताही संगणक स्वतःला ७ लावून घेऊ शकतो. म्हणून कोणत्या पोर्टवरचा टॅग मानायचा आणि कुठे तो पुसून आपला लावायचा, हे चिपला सांगून ठेवावे लागते. आयपी पॅकेटमधला डीएससीपी हा सहा बिटांचा अग्रक्रमाचा आकडा वाचून रांग ठरवण्याची सोयही बहुतेक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये असते, आणि राउटर ओलांडून जायचे असेल तर तीच कामाची, कारण इथरनेटचा टॅग राउटरपाशी संपतो.

तपासणीसाठी पोर्ट मिरर करून (त्याच्या फ्रेमची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवून) लॅपटॉपवर फ्रेम पकडल्या की पुष्कळदा टॅग दिसतच नाही. दोष दरवेळी स्विचचाच नसतो. अनेकदा लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तो आधीच काढून घेतो आणि ती सेटिंग बदलावी लागते.