आयपी ॲड्रेसचा सातबारा

कराडला मामांकडे गेलो की एक काम ठरलेलं असतं: नेट का चालत नाही ते बघणं. या वेळी मी स्पीड टेस्ट लावली. वेगाचा आकडा यायच्या आधीच मामांचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. तिथे एका बड्या कंपनीचं नाव होतं आणि त्यापुढे ‘मुंबई’.

“या कंपनीला मी आजवर एक रुपया दिलेला नाही,” मामा म्हणाले. “महिन्याचे पैसे नेतो तो आपल्या गल्लीतला केबलवाला. आणि मुंबई कुठून आली? त्या वेबसाइटला हे सांगितलं कुणी?”

कुणीच सांगितलं नव्हतं. मामा तलाठी म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे पुढचा तासभर मला उपमा शोधत बसावं लागलं नाही.

वेबसाइट उघडतो तेव्हा आपण तिच्या सर्व्हरकडे चिठ्ठ्या धाडत असतो. प्रत्येक चिठ्ठीवर, म्हणजे पॅकेटवर, नंबरांच्या रूपातले दोन पत्ते, म्हणजे आयपी ॲड्रेस, असतात: घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, पण मग उत्तर भलतीकडे जातं. शिवाय पान यायच्या आधी ‘ऐकू येतंय का?’, ‘येतंय, तुला?’, ‘हो’ अशी तीन टप्प्यांची बोलाचाली व्हावी लागते, आणि खोट्या पत्त्यावर ती पुरी होत नाही. म्हणून सर्व्हरच्या हाती पडलेला पत्ता खरा धरायला हरकत नसते. मात्र तो आपल्या मोबाइलचा नसतो. राउटरने मोबाइलला दिलेला, १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर घरापुरता. तसेच नंबर शेजारच्या घरातही असतात. बाहेर पडताना त्या जागी सार्वजनिक नंबर चढतो, आणि वेबसाइटला दिसतो तो हा.

“मग त्या नंबराचा उतारा काढायचा,” मामा म्हणाले. अगदी बरोबर. आणि तो उतारा जगात कुणालाही फुकट मिळतो.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे नंबर आहेत सुमारे ४२९ कोटी. त्यांची मूळ वही आयाना या व्यवस्थेकडे. तिने जगाचे पाच भाग पाडून पाच नोंदणी संस्थांना मोठाले गट वाटले. आपल्या आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक, कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतातल्या कंपन्यांसाठी २०१२ पासून इरिन ही राष्ट्रीय नोंदणी आहे. आयानाकडचे शिल्लक गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. वाटायला गायरानच उरलं नाही म्हटल्यावर काय होतं ते मामांना सांगायची गरज नव्हती. नंबरांची खरेदी-विक्री होते आणि ते भाडेपट्ट्यानेही दिले जातात.

एक उतारा प्रत्यक्ष बघू. समजा, सर्व्हरला नंबर दिसला ११७.२००.१०.५. पहिल्या ११७ वरून गट एपनिकचा हे कळलं. एपनिकच्या नोंदवहीला विचारलं (या चौकशीला ‘हू-इज’ म्हणतात, आणि ती वेबपेक्षाही जुनी आहे), की ११७.१९२.०.० पासून ११७.२५५.२५५.२५५ पर्यंतचा सलग तुकडा बीएसएनएलच्या नावावर निघतो. तुकड्यातले नंबर ४१,९४,३०४. नोंदीत पत्ता आहे तो बेंगळूरुच्या त्यांच्या नियंत्रण केंद्राचा. म्हणजे रत्नागिरीत बसून कुणी बीएसएनएलचं ब्रॉडबँड वापरत असेल, तरी कागद बेंगळूरु म्हणणार. मालक बरोबर, ठिकाण चूक. ‘मुंबई’चं अर्धं कोडं इथेच सुटतं.

पण सातबाऱ्याला दोन भाग असतात. नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर ते कळतं आणि नमुना बारामध्ये शेतात पीक काय उभं आहे ते. हू-इज हा झाला सात. इंटरनेटचा बारा वेगळीकडे लिहिला जातो, आणि माझ्या मते वेबसाइटच्या दृष्टीने तोच जास्त कामाचा.

प्रत्येक मोठ्या नेटवर्कला एक क्रमांक असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. बीएसएनएलचा ९८२९, जिओचा ५५८३६, गूगलचा १५१६९. ही नेटवर्कं शेजारच्या नेटवर्कांना सतत दवंडी देत असतात: अमुक नंबरांकडे जायचं तर माझ्याकडून वाट आहे. शेजारी ती पुढच्यांना सांगतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. या दवंडीचे नियम म्हणजे बीजीपी. १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर यांनी त्याचा आराखडा जेवता जेवता कागदी नॅपकिनांवर मांडला आणि आज जगाचं इंटरनेट त्याच्याच सुधारलेल्या आवृत्तीवर चालतं. दवंड्या उघड असतात. अमेरिकेतलं ऑरेगन विद्यापीठ त्या वर्षानुवर्षं साठवत आलं आहे. त्या पाहिल्या की कुठला तुकडा आत्ता, या घटकेला, कुठल्या नेटवर्कमधून बोलतोय ते कळतं. जमिनीचा मालक कुणी का असेना, वहिवाट कुणाची ते समजतं.

एका तुकड्याबद्दल दोन दवंड्या ऐकू आल्या तर? नियम असा की लहान तुकड्याची दवंडी जिंकते. “म्हणजे पोटहिस्सा,” मामा म्हणाले. हो, आणि या पोटहिश्श्याने एकदा गोंधळ घातला होता. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूबची दवंडी १,०२४ नंबरांच्या तुकड्याची होती. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्या २५६ नंबरांची दिली, आणि ती देशाबाहेर निसटली. जगभरची वाहतूक तिकडे वळली, सुमारे दोन तास यूट्यूब ठिकठिकाणी बंद. दवंडी देणाऱ्याकडे कुणी कागद मागत नव्हतं! आता आरपीकेआय नावाची सोय आहे, तीत मूळ धारक डिजिटल सही करून सांगतो की हा तुकडा अमुक एएस नंबरानेच जाहीर करावा. सगळीकडे ती अजून तपासली जात नाही.

वेबसाइट दर पाहुण्यामागे ब्रिस्बेनला चौकशी करत बसत नाही. मॅक्समाइंड, आयपीटूलोकेशन यांसारख्या कंपन्या सात आणि बारा एकत्र करून तयार फाइल विकतात, काही फुकटही देतात. ती सर्व्हरवरच असते. ओळी नंबरांच्या क्रमाने लावलेल्या, त्यामुळे मधोमध उघडायचं, आपला नंबर अलीकडे की पलीकडे ते बघायचं, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधोमध. दहा लाख ओळींत वीस वेळा असं केलं की बरोबर ओळ सापडते. डोळ्याचं पातंही लवत नाही तोवर काम झालेलं असतं.

आता मामांचा केबलवाला. छोट्या प्रोव्हायडरने स्वतःच्या नावावर नंबर घेतले असतील तर त्याचं नाव दिसतं, तेही रजिस्टर झालेलं प्रायव्हेट लिमिटेड नाव, जे गल्लीत कुणाला ठाऊक नसतं. पण पुष्कळदा तो वरच्या मोठ्या कंपनीकडून लाइन घेतो आणि नंबरही तिचेच वापरतो. कूळ कसतं, उताऱ्यावर नाव खातेदाराचं. वेबसाइटने खोटं सांगितलेलं नाही. तिला तिथपर्यंतच दिसतं.

गावाचं नाव मात्र बरंचसं अंदाजपंचे. नोंदीतला पत्ता, संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, प्रोव्हायडरने आपल्या यंत्रांना दिलेली नावं (त्यांत शहराची अक्षरं दडलेली असतात), असं काय काय जोडून फाइलवाले शहर ठरवतात. काहीच जमलं नाही तर देशाचा मध्य. यातून अमेरिकेत भलतंच घडलं. ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढंच माहीत असलेले नंबर मॅक्समाइंडने कॅन्ससमधल्या एका बिंदूवर टाकले होते. तो बिंदू पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराशी पडत होता आणि त्यावर ६० कोटींहून जास्त नंबर साचले. हरवलेले फोन, फसवणूक, कशाचाही माग काढत पोलीस आणि अनोळखी लोक वर्षानुवर्षं त्या दारात येत राहिले. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावाच्या मध्यभागी ठेवला.

मोबाइल डेटावर कंपनीचं नाव सहसा बरोबर येतं, गाव नाही. एकाच सार्वजनिक नंबराआड कितीतरी ग्राहक असतात. अशा आतल्या वापरासाठी १००.६४ पासूनचा तुकडा २०१२ मध्ये खास राखून ठेवला गेला. त्यातला नेमका माणूस कोण हे वेबसाइटला कळत नाही. प्रोव्हायडरलाही वेळ आणि पोर्ट नंबर (एकाच नंबराआडच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) दिल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि कागद मुद्दामही वेगळा ठेवता येतो. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना, म्हणजे ग्राहकाचा खरा नंबर झाकून आपला पुढे करणाऱ्यांना, ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. हे मान्य नसलेल्या एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर हलवले, ते सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये नेले, आणि भारताच्या नावावर नोंदलेले नंबर तिथून वापरले. वेबसाइटला पाहुणा भारतीय दिसतो. यंत्र सिंगापूरला.

एव्हाना मामांनी माझा मोबाइल स्वतःकडे घेतला होता. एएस नंबरांची यादी ते गावनमुना वाचावा तशी वाचत होते. ४७५५ पाशी थांबले. टाटा कम्युनिकेशन्स, आणि पुढे इंग्रजीत ‘पूर्वीची व्हीएसएनएल’. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते याच व्हीएसएनएलने. नाव बदललं २००८ मध्ये.

“फेरफार झालाय,” मामा चष्मा वर सरकवत म्हणाले, “पण जुन्या नावाला कंस करायचा राहिलाय.”