ट्रॅव्हल्सवाला मागेल तेच भाडं? नाही!

सांगलीत शिकणारी पोरं दिवाळीला मुंबई-पुण्याकडे निघाली की हॉस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘खासगी बसच्या भाड्याला मर्यादा नसते, घासाघीस जमली तर जमली.’ हे खरं नाही.

राज्य सरकारने 27 एप्रिल 2018 च्या निर्णयाने ही मर्यादा घालून दिली आहे. त्याच प्रकारच्या एसटी बसचं भाडं जेवढं, त्याच्या फार तर दीडपट. म्हणजे एसटीचं तिकीट 400 असेल, तर खासगी बसला 600 च्या वर जाता येत नाही. तुलना मात्र सारख्या गाडीशीच करायची. एसी स्लीपरचं भाडं लालपरीशी ताडून भांडू नका. जानेवारी 2025 मध्ये एसटीची 14.95 टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा ही कमाल मर्यादाही आपोआप वर सरकली. जास्त पैसे घेतले तर तक्रार आरटीओकडे करायची. तिकीट किंवा पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा, नाहीतर ती तक्रार हवेतच.

दुसरा गैरसमज मुलींच्या खिशाला जास्त लागतो : ‘अर्धं तिकीट फक्त लालपरीत.’ मार्च 2023 पासूनची महिलांची 50 टक्के सवलत शिवशाही आणि शिवनेरीलाही आहे, फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. आरक्षणाचा आकार तेवढा पूर्ण द्यावा लागतो.

आणि विद्यार्थी पास? तो घर ते कॉलेज या रोजच्या फेऱ्यांसाठी. सुट्टीत गावी जाताना तो कंडक्टरला दाखवून उपयोग नाही.