बोअरचं तोंड लगेच बांधू नका

कोकणात बोअर मारताना पाणी लागलं की कॉम्प्रेसरची हवा ते माडाच्या उंचीला उडवते, अख्खी वाडी बघायला जमते. पण पाण्याची खरी जात कळते ती कॉम्प्रेसर बंद केल्यावर. पाणी खाली बसलं तर नेहमीची बोअर, आणि मशीन गप्प झाल्यावरही केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या, तोंडातून भळाभळा वाहतच राहिलं तर खाली दाबाखालचं पाणी लागलंय. याला आर्टेशियन म्हणतात, फ्रान्समधल्या आर्त्वा भागावरून पडलेलं नाव.

आपला काळा कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालाय. काही थर एकदम घट्ट, काही भेगाळलेले. डोंगरावर मुरलेला पाऊस भेगांतून उतरत पायथ्याकडे येतो, तिथे वर घट्ट कातळाचं झाकण असेल तर तो अडकून राहतो आणि आपली बोअर नेमकी ते झाकण फोडते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या नळाला जोरात येतं ना, तसंच.

अशा वेळी लोक घाबरून गोणपाट कोंबतात, लाकडी खुंटी ठोकतात, आणि इथेच घात होतो. दाब कुठे जात नाही, पाणी केसिंगच्या बाहेरून जांभ्यातून, मातीतून वाट काढतं, माती वाहून नेतं आणि जमीन खचू लागते. अमेरिकेत आयोवातल्या बेल प्लेन गावात 1886 च्या ऑगस्टमध्ये 193 फुटांवर असं पाणी लागलं, दोन इंची भोक पाण्याने पोखरून मोठं केलं, आणि ते आवरायला 1887 चा ऑक्टोबर उजाडला.

मग करायचं काय? केसिंगच्या आतूनच वाहत असेल तर वाहू द्या, चर खणून पाणी पऱ्याकडे वळवा आणि वर पाइप जोडत जा, पाणी चढायचं थांबेपर्यंत. समजा जमिनीपासून 3 मीटरवर पाणी थांबलं, तर दाब झाला चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.3 किलो, एवढाच. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं गणित. पाणी 60 मीटर खोल लागलं असेल तर बोअरमध्ये दाब धरायला पाण्याच्या 1.05 पट जड चिखल भरला की तोल साधतो, पण तोच दाब 10 मीटरवर लागला तर 1.3 पट जड लागतो, म्हणजे बेंटोनाइटने (फुगणाऱ्या चिकणमातीने) भागत नाही, बराइट या जड खनिजाची पूड घालावी लागते. उथळ पाणी जास्त त्रास देतं ते यामुळे! आपल्याकडची हॅमरवाली रिग हवेवर चालते, भोकात दाबून धरायला चिखल नसतोच, त्यामुळे केसिंग घट्ट कातळात नीट बसवून बाहेरची फट सिमेंटने आधीच भरलेली हवी, खर्च वाचवायला नेमकं हेच टाळलं जातं.

केसिंगच्या बाहेरून गढूळ पाणी दिसलं तर माणसं आणि रिग आधी लांब, मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला फोन.

प्रवाह मोजायला 200 लिटरचा ड्रम पुरतो. 40 सेकंदात भरला तर दिवसाला 4,32,000 लिटर वाहून जातंय, आणि ते जातंय खालच्या साठ्यातून. म्हणून फट सिमेंटने भरून ते पूर्ण सुकल्यावरच व्हॉल्व बसवा, हळूहळू बंद करत आजूबाजूची जमीन बघत राहा, आणि शेजारी प्रेशर गेज लावून महिन्याला आकडा लिहा, मे मध्ये दाब किती उतरला आणि पावसानंतर किती चढला ते त्यात सरळ दिसतं.