तिजोरी भरलेली, पगार मात्र थकलेले: व्हिक्टोरियातली 1865 ची कोंडी

1865 च्या उत्तरार्धात मेलबर्नच्या सरकारी तिजोरीत पैसा होता, तरी तो पगारासाठी काढता येत नव्हता. व्हिक्टोरिया ही ऑस्ट्रेलियातली श्रीमंत ब्रिटिश वसाहत. सोन्याच्या खाणींनी ती दीड दशकात उभी राहिली होती. तिथे तुटवडा पैशाचा नव्हता, खर्चाच्या कायद्याचा होता.

खर्च मंजूर होण्याची वाट ठरलेली होती. मंत्रिमंडळ अंदाजपत्रक तयार करी. 1855 च्या घटनेतल्या कलम 57 नुसार गव्हर्नरने संदेश पाठवून शिफारस केल्याशिवाय विधानसभेला एकाही खर्चावर मत घेता येत नसे. शिफारस आली की सगळे सभागृह समिती म्हणून बसे आणि बाबवार मागण्यांवर मतदान होई. हा पैसा कोणत्या करांतून उभा करायचा, हे दुसऱ्या समितीत ठरे. मग सगळ्या मंजूर रकमा एका विनियोजन विधेयकात गोळा होत. ते वरिष्ठ सभागृहात संमत होऊन त्यावर गव्हर्नरची सही झाली की कायदा झाला. तोवर झालेली मतदाने म्हणजे नुसते ठराव, आणि ठरावाने तिजोरी उघडत नाही. गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार, तसेच धर्मसंस्थांसाठीचे वार्षिक 50,000 पौंड घटनेनेच कायमचे बांधून दिले होते. आपण आज ज्याला भारित खर्च म्हणतो, तसाच हा प्रकार. शिक्षक, कारकून आणि पोलिसांचे पगार मात्र दरवर्षीच्या कायद्यावर अवलंबून असत.

खरी मेख कलम 56 मध्ये होती. खर्चाची आणि करांची विधेयके विधानसभेतच सुरू व्हायची. वरिष्ठ सभागृहाला ती फेटाळता येत, पण त्यात बदल करता येत नसे. या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य 30. निवडणुकीला उभे राहायला निदान 5,000 पौंडांची स्थावर मालमत्ता लागे, मुदत 10 वर्षांची, आणि गव्हर्नरला ते विसर्जितही करता येत नसे. म्हणजे जमीनदार आणि बड्या व्यापाऱ्यांच्या हातात फक्त पूर्ण होकार किंवा पूर्ण नकार. अशा रचनेत खालच्या सभागृहाला एक मोह हमखास होतो: वादग्रस्त बाब अत्यावश्यक खर्चाच्या विधेयकाला जोडून द्यायची. ती नको असेल तर वरिष्ठ सभागृहाला सगळ्यांचे पगारही अडवावे लागतात.

जेम्स मॅक्युलक यांच्या सरकारने तेच केले. स्थानिक उद्योगांना संरक्षण देणारे नवे आयातशुल्क त्यांनी विनियोजन विधेयकाला जोडले. वरिष्ठ सभागृहाने जुलै 1865 मध्ये अख्खे विधेयक बाजूला ठेवले. नवे शुल्क विधानसभेच्या ठरावावरच वसूल होत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले.

मग सरकारने एक विलक्षण तोड काढली. मॅक्युलक लंडन चार्टर्ड बँकेचे स्थानिक संचालक होते. सरकारने या बँकेकडून 40,000 पौंड कर्जाऊ घेऊन पगार भागवले. बँकेने लगेच वसुलीचा दावा लावला. सरकारने तो न लढता मान्य केला आणि न्यायालयाच्या हुकुमावरून तिजोरीतून रक्कम फेडली, कारण सरकारविरुद्धच्या निकालाची रक्कम चुकती करण्याची तरतूद त्या काळच्या कायद्यात होती. रक्कम बँकेत परतली की पुन्हा तेच कर्ज, पुन्हा तोच दावा. खर्चाला कायद्याची संमती नव्हती, पण प्रत्येक फेरीत पैसा तिजोरीतूनच निघत होता. माझ्या मते संसदीय नियंत्रणाला याहून धोकादायक पळवाट क्वचितच सापडेल. गव्हर्नर चार्ल्स डार्लिंग यांनी तिला साथ दिली.

1866 च्या निवडणुकीत मॅक्युलक मोठ्या बहुमताने परतले आणि तडजोडीने शुल्क त्याच वर्षी एप्रिलमध्ये संमत झाले. डार्लिंगना मात्र लंडनने परत बोलावले. विधानसभेने त्यांच्या पत्नीला 20,000 पौंड देण्याचे ठरवून ती रक्कम 1867 च्या विनियोजन विधेयकात घातली, आणि तीच कोंडी पुन्हा सुरू झाली. 1868 मध्ये लंडनने डार्लिंगना निवृत्तिवेतन दिल्यावर ती सुटली. पुढे ग्रॅहम बेरी यांच्या सरकारने आमदारांच्या मानधनाची रक्कम विधेयकात घातली, वरिष्ठ सभागृहाने विधेयक अडवले, आणि जानेवारी 1878 मध्ये सरकारने दोनशेहून अधिक अधिकाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढले. त्यांत काउंटी न्यायालयांचे न्यायाधीशही होते. तो दिवस तिथे 'काळा बुधवार' म्हणून ओळखला जातो.

त्याच काळच्या राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात मुंबई कायदेमंडळाच्या सदस्यांना 1892 च्या कायद्यापर्यंत अर्थसंकल्पावर चर्चाही करता येत नव्हती. त्यानंतर चर्चा मिळाली, मतदान नाही. आज महाराष्ट्रात विधानपरिषद धन विधेयक जास्तीत जास्त 14 दिवस ठेवू शकते आणि फक्त शिफारशी करू शकते. त्यामुळे व्हिक्टोरियासारखा पूर्ण नकार इथे संभवत नाही.

ऑस्ट्रेलियाने 1901 पासून लागू झालेल्या संघराज्य घटनेत जोडणीचाच रस्ता बंद केला. कलम 54 नुसार नेहमीच्या वार्षिक सेवांच्या विनियोजन कायद्यात दुसरे काही घालता येत नाही; कलम 55 करांच्या कायद्यांना तेच बंधन घालते. सिनेटला, म्हणजे संघराज्याच्या वरिष्ठ सभागृहाला, अशा विधेयकांत थेट बदल करता येत नाहीत, बदलाची विनंती करता येते. नकाराचा अधिकार मात्र तसाच राहिला. 1975 च्या ऑक्टोबरात सिनेटने खर्चाची विधेयके रोखून धरली आणि 11 नोव्हेंबरला गव्हर्नर-जनरलनी गॉफ व्हिटलम यांचे सरकार बरखास्त केले.