आयआर काढायचा की रामन?

पॉलिमरची, म्हणजे प्लॅस्टिक-रबरासारख्या लांब साखळीच्या रेणूंची, रचना शोधायची म्हटली की प्रयोगशाळेत हा प्रश्न हमखास येतो. आयआर आणि रामन या प्रकाश वापरून रेणू ओळखायच्या दोन पद्धती. गोंधळ होणं साहजिकच आहे. दोन्ही आलेखांच्या आडव्या अक्षावर एकच एकक असतं (एका सेंटीमीटरमागे किती तरंग; पुढचे १७१५, १००१ असे आकडे त्याचेच) आणि दोन्हींत मोजलेली असतात ती बंधांची कंपनंच. त्यामुळे एक यंत्र बंद असेल तर दुसऱ्यावर भागवू, असं पुष्कळांना वाटतं. तसं भागत नाही.

आयआरमध्ये, म्हणजे अवरक्त वर्णपटात, नमुना प्रकाश शोषतो. बंध थरथरताना विद्युतभाराचा तोल इकडून तिकडे झुकला, तरच हे शोषण होतं. रामनमध्ये नमुन्यावर एकाच रंगाचा लेझर सोडतात आणि विखुरलेला प्रकाश तपासतात. त्यातला कोटीभर कणांमागे जेमतेम एखादा कण रेणूशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदलतो. (२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन याच शोधाचा, १९२८ साली कोलकात्यात लागलेल्या.) इथे अट अशी की कंपनाबरोबर इलेक्ट्रॉनांच्या ढगाचा लवचीकपणा बदलला पाहिजे.

या एका फरकातून पुढचं सगळं निघतं. पाण्याच्या बाटलीतल्या पेट प्लॅस्टिकचा कार्बोनिल गट, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, आयआरमध्ये १७१५ च्या आसपास ठसठशीत दिसतो, नायलॉनचा एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) बंध ३३०० जवळ. रामनला भावतात ते सममित बंध: कार्बनचा कणा, दुहेरी बंध, बेंझीनची कडी. पॉलिस्टायरीनच्या रामन आलेखात १००१ ची उंच सुई दिसली की दुसरं काही पाहायची फारशी गरज उरत नाही.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते टायरमधल्या पॉलिब्युटाडाईनचं उदाहरण. तोच मोनोमर, म्हणजे साखळीचा एकेक दुवा, साखळीत तीन तऱ्हांनी बसतो: सिस (साखळी दुहेरी बंधाच्या एकाच बाजूने जाते), ट्रान्स (विरुद्ध बाजूंनी) आणि व्हिनाइल (दुहेरी बंध साखळीबाहेर लटकतो). सिसचं प्रमाण भरपूर असेल तर रबर जवळपास उणे १०० अंशांपर्यंत काचेसारखं कडक होत नाही. व्हिनाइल वाढलं की ते त्याआधीच कडक होतं. म्हणजे प्रमाण मोजणं भागच आहे. ट्रान्स जोडणीत दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे तो ताणला तरी भाराचा तोल जवळपास हलत नाही आणि आयआरला तो दिसतच नाही म्हणा ना. तिथे शेजारच्या सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंधांच्या डोलण्यावरून अंदाज बांधावा लागतो: ट्रान्स ९६७, व्हिनाइल ९१०, आणि सिसचा ७४० जवळचा पसरट, त्रासदायक पट्टा. रामनमध्ये मात्र दुहेरी बंध स्वतःच बोलतो: व्हिनाइल १६४०, सिस १६५०, ट्रान्स १६६५. शिखरं एकमेकांना चिकटलेली असतात, ती गणिताने सुटी करावी लागतात. पण तिन्ही एकाच खिडकीत मिळतात.

मग नेहमी रामनच का नको? कारण खरा टायर काजळीने काळा असतो. लेझरखाली तो तापतो, कधी जळतोही. रंगद्रव्यं आणि अशुद्धी असतील तर त्यांची चमक रामनचा क्षीण संकेत पार बुडवून टाकते; ५३२ ऐवजी ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरचा लेझर लावून पाहावं, पण हमी नाही. उलट नमुना पाण्यात भिजलेला असेल, उदाहरणार्थ हायड्रोजेल, तर पाणी आयआरचा मोठा भाग गिळून टाकतं आणि रामनला त्याची फारशी अडचण होत नाही. काचेच्या कुपीतूनही रामन मोजता येतो.

आणखी एक गोष्ट, जिथे चांगले विद्यार्थीही फसतात. हल्लीचा आयआर बहुतेक वेळा एटीआरवर, म्हणजे नमुना हिऱ्याच्या स्फटिकावर दाबून, काढतात. त्यात दिसतो तो पृष्ठभागाचा एक-दोन मायक्रोमीटरचा थर. वेफर्सच्या पाकिटासारखी अनेक थरांची फिल्म असेल तर आतली बाजू वेगळी आणि बाहेरची वेगळी निघू शकते. म्हणून दोन्ही बाजूंचे आलेख काढावेत आणि वहीत कोणती बाजू कोणती ते लिहावं. मधले थर हवे असतील तर फिल्मचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शी रामनखाली ठेवावा; तो साधारण एका मायक्रोमीटरपर्यंतचा फरक टिपतो.