शेल कमांडऐवजी भाषेतलाच कोड

पर्ल, पायथन, रुबी असल्या स्क्रिप्टिंग भाषेतल्या प्रोग्राममधून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आरएम (फाईल पुसणं), एमव्ही (हलवणं), ग्रेप (मजकूर शोधणं) या कमांड शेलकरवी, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकरवी, न चालवता तेच काम भाषेच्या स्वतःच्या फंक्शननं करणं. आरएमच्या जागी पर्लमध्ये अनलिंक, पायथनमध्ये ओएस.रिमूव्ह, बाकीच्या जोड्या मॅन्युअलात सापडतात.

कोडमधूनच कमांड मारायची सवय नेमकी कुठली, हा थोडा वादाचा भाग. बरेच जण बॅकटिक म्हणजे उलट्या अवतरणचिन्हाचं (त्यात लिहिलेली कमांड चालून तिचं उत्तर त्या जागी येतं) श्रेय पर्लला देऊन टाकतात, पण पर्ल १९८७ चं आणि बॅकटिक १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, बोर्न शेलात, आधीपासून होतं, तेव्हा पर्लनं ते तिथूनच उचललं हे जास्त पटतं. त्याच्याही आधी मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चौकोनी कंसात कमांड लिहिली की तिचं उत्तर त्या जागी येऊन बसायचं, म्हणून मूळ तिकडेही नेता येतं. कल्पना मल्टिक्सची आणि खूण बोर्नची असं धरलं की भांडण बऱ्यापैकी मिटतं.

खरी गोम नावात आहे. समजा रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याकडे 'रावेर' हे यंदाच्या हिशोबाचं फोल्डर आणि शेजारीच 'रावेर जुनं', स्क्रिप्टनं दुसरं नाव आरएम -आर ला (फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसणारी कमांड) तसंच चिकटवून शेलला दिलं, तर शेल ते स्पेसवर तोडतं, दोन नावं होतात, यंदाचा हिशोब साफ आणि जुना जागच्या जागी, वर 'जुनं' नावाचं काही नाही एवढीच काय ती तक्रार. (नावात स्पेस टाकू नका म्हणून सांगून बघा, कोणी ऐकत नाही भो.) पायथनच्या फोल्डर पुसणाऱ्या एसएचयूटिल.आरएमट्रीला तेच नाव दिलं तर ते अखंड राहतं, कारण मधे शेलच नाही. बाहेरून आलेल्या नावात सेमीकोलन असेल तर शेल पुढचा मजकूर वेगळी कमांड म्हणून चालवतं, तो धोकाही इथं टळतो.

अदलाबदल डोळे झाकून मात्र नको. एमव्हीनं फाईल पेनड्राइव्हवर जाते कारण ती गरज पडली की कॉपी करून मूळ पुसते. पर्लचं रिनेम दुसऱ्या फाईलसिस्टिमवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या वेगळ्या डिस्कवर, सहसा एरर देऊन थांबतं, तिथं फाईल::कॉपीमधलं मूव्ह लागतं. व्हिडिओ-ऑडिओ रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगसारख्या प्रोग्रामचं अवजड काम पुन्हा लिहीत बसण्यात अर्थ नाही, ते पायथनच्या सबप्रोसेसनं (आवृत्ती २.४, २००४ पासून) चालवावं, पण नाव-पर्यायांची लिस्ट देऊन, शेल मधे न घेता.